खुंटीवरचं माप

रुआबांधा, भिलाई
५ नोव्हेंबर

प्रिय शालूआत्या,

सप्रेम जय भीम, अन् सोबत चिवड्याचे पोहे. दोन्ही नागसेनमामाच्या पिशवीत आहेत.

पहिले माफी मागून घेते. दिवसभर कॉलेजात हिंदी चालते अन् मराठी फक्त घरी, तीबी आईच्या शिव्या ऐकण्यापुरती. तरी लिहून राहिली, कारण मोबाईलवर ही गोष्ट सांगायची सोय नाही. तुमच्याकडचा मोबाईल तुझ्या लाडक्या पोराच्या, प्रशांतदादाच्या खिशात असते, अन् प्रशांतदादाले कळलं म्हणजे फॅमिली ग्रुपवर आलंच समज. फोन करावा तर तुले ऐकू येत नाही अन् तू नुसती "हाव, हाव" करते. मागच्या वेळी मी तब्येत विचारली, तर तू म्हणाली, हाव, पाठवून दे. म्हणून आता मामा. सख्खा मामा मालगाडीचा गार्ड असून दुर्ग-गोंदिया करून राहिला, त्याचा घरच्यांले काही तर फायदा झाला पाहिजे.

तर ऐक. तू दिलेली मशीन मस्त चालून राहिली. तू दिली तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं की बी.एस्सी.च्या पोरीनं शिलाई मशीनचं काय करायचं. ते तोंड मी वापस घेते. आता कॉलेजातून आली की पहिले मशीन, मग जेवण, मग आई ओरडली की अभ्यास.

बाबांच्या प्लांटच्या जुन्या पँटी होत्या ना, त्यांच्या झोळ्या शिवल्या. कापड असं जाड की सुई तुटली, पण झोळीत अख्खं सिलेंडर ठेवून आणता येईल. पहिली झोळी मृणालले दिली. मृणाल म्हणजे समोरच्या क्वार्टरमधल्या सुशीलाकाकूची पोरगी. मले कावीळ झाली तेव्हा तिनं माझ्या सगळ्या प्रॅक्टिकलच्या वह्या लिहून दिल्या होत्या, अन् माझ्यासाठी आणलेला उसाचा रस स्वतःच पिऊन जायची. आईच्या गाऊनले मोठ्ठा खिसा लावून दिला, कारण ती दिवसभर घरात मोबाईल शोधत फिरते. आता फोन आला की आईच वाजते. राजदीपच्या सायकलच्या सीटले कव्हर शिवलं, ते उलटं शिवलं गेलं, पण धाकटा भाऊ असल्यानं त्याले बसावंच लागते. अन् भाजीवाली भागाबाई आजारपणात रोज मले दुधी देऊन जायची, तिले उशीचा अभ्रा दिला. तिनं तो डोक्याले बांधला अन् म्हणाली, "अब्बड़ सुग्घर हे बेटी," म्हणजे लय सुंदर आहे. मी सांगितलंच नाही की उशीचा आहे.

आत्या, आपल्या घरी कोणी कोणाले थँक्यू म्हणत नाही. मी एकदा बाबांले म्हटलं होतं, तर त्यांनी माझ्या कपाळाले हात लावून ताप पाहिला. म्हणून मी शिवून देते. शिवून दिलं की लोक नुसते पाहतात, घालतात, अन् कोणाले लाजायची पाळी येत नाही.

आता मेन गोष्ट. बाबा जानेवारीच्या शेवटी रिटायर होऊन राहिले. प्लांटात फेअरवेल आहे, सगळं डिपार्टमेंट येईल. मले त्यांच्यासाठी कोट शिवायचा आहे. हॉलमधला त्यांच्या लग्नाचा फोटो तुले आठवते ना, दोस्ताचा, नरेशकाकाचा कोट मागून घातला होता तो? बाह्या बोटांच्या खालपर्यंत. जो पाहुणा येते तो त्या फोटोले हसते, अन् बाबाबी हसतात. पण नंतर त्यांनी आजपर्यंत कोट घातला नाही, कोणाच्याच लग्नात नाही. मले वाटते, एकदा तरी त्यांच्या अंगावर त्यांच्या मापाचा कोट असावा, अन् तो घालून फोटो निघावा.

मले कोट कापता येत नाही. तू कापून देशील का? शिवीन मी. अन् फेअरवेलले ये ना. हो म्हणू नको हवं तर, पण लगेच नाही पण म्हणू नको.

तुझी,
पायल

---

गोंदिया
१६ नोव्हेंबर

पायल पोरी,

जय भीम. पोहे पोचले, अर्धे मामानं रस्त्यात फाकले असतील असा अंदाज आहे. पिशवी हलकी लागली.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मशीन दिली तेव्हा तुझं वाकडं तोंड म्या पाहिलं होतं, पण म्हटलं असू दे, ऐकू येत नाही तसं दिसतही नाही असं समजू दे पोरीले.

कोट कापून देईन. इथं जेंट्स टेलरकडे काज-बटण करता करता कटिंगवर आली, सुटाबुटाची गिऱ्हाइकं माझ्या कात्रीखालून गेली, अन् सख्ख्या भावाचा कोट नाही कापणार? पण माप पाहिजे, अन् ते चोरून घ्यावं लागेल. दादाले टेप दाखवशील तर तो म्हणेल, कावून खर्च करून राहिले, अन् तिथंच संपलं. त्याचा अंगावरचा एखादा कपडा पलंगावर पसरव, बटणं लाव अन् माप घे. छाती, खांदा, बाही, उंची. गळ्याचं विसरू नको.

येण्याचं मात्र नको म्हणू. तू लगेच नाही म्हणू नको म्हणाली, म्हणून शेवटी लिहून राहिली. मागच्या उन्हाळ्यात एका नामकरणात गेली होती. शेजारची बाई काहीतरी सांगत होती, मी आपली मान हालवत होती, सगळे पाहून राहिले म्हणून हसून म्हटलं, छान झालं, पेढे कुठं आहेत. ती तिचा सासरा वारल्याचं सांगत होती. त्या दिवसापासून मी चारचौघांत बसत नाही. प्रशांतनं कानाचं मशीन आणून दिलं, ते शिट्ट्या मारते. दादाच्या फेअरवेलले मोठमोठे साहेब राहतील, अन् त्याची बहीण भलत्या जागी टाळ्या वाजवेल. मले लाज वाटते, बेटा. त्याच्या दिवशी त्याले खाली पाहायले नको लागो.

कोट येईल. मले आलीच समज.

तुझी आत्या

---

रुआबांधा, भिलाई
४ डिसेंबर

प्रिय आत्या,

पेढे कुठं आहेत वाचून मी, मृणाल अन् आई तिघी हसलो, अन् मग आईनं पत्र परत वाचायले मागितलं. येण्याचं पुढं पाहू. मी हट्टी आहे, तुझ्यावरच गेली म्हणतात.

माप घेतलं. बाप्पा, काय टेन्शन. बाबांचे शर्ट सगळे धोब्याकडे, अन् जे घरी होते ते आईनं पुसायले घेतलेले. मग खुंटीवर नजर गेली, प्लांटचं जॅकेट. दोन आहेत, एक घालून जातात, दुसरं खुंटीवर राहते. रोज अंगावर हेच असते, म्हणजे याच्याहून पक्कं माप कुठलं? मृणालले गेटवर उभी केली. बाबा दिसले की तिनं जोरानं खोकायचं होतं. मी जॅकेट खुंटीवरच ठेवलं, काढलं असतं तर परत तसंच लटकवता आलं नसतं, अन् टेप लावून भराभर लिहून घेतलं. मृणाल अर्ध्यातच खोकली. मी टेप तोंडात धरून पलंगाखाली. निघाली ती दुधवाल्याची सायकल. नशीब की बाबा त्या दिवशी शिफ्टवरून नेहमीपेक्षा उशिरा आले. आले तेव्हा मी फिजिक्सचं पुस्तक घेऊन बसली होती. पुस्तक सरळ होतं, पाहून घेतलं होतं.

छाती सेहेचाळीस. बाकीचं मागच्या बाजूले लिहिलं आहे. कापड अन् अस्तर आई अन् मी दुर्गहून आणलं, नेव्ही ब्लू, मामाच्या पिशवीत आहे. दुकानदार म्हणे नवरदेवाचा आहे का. आई म्हणाली, हाव, माझ्या.

कॉलेजात सगळ्यांले माहीत आहे, फक्त बाबांले नाही. लॅबमध्ये सर टायट्रेशन शिकवून राहिले होते अन् मी वहीत कॉलर काढत होती.

तुझी,
पायल

---

गोंदिया
१८ डिसेंबर

पायल बेटा,

सेहेचाळीस वाचून म्या चष्मा पुसला अन् परत वाचलं. मग आकडा उलटा तर नाही म्हणून कागद फिरवून पाहिला. मग रडली. प्रशांत घाबरला, त्याले सांगितलं डोळ्यात खडू गेला.

तुले माहीत नाही दादा कसा होता. प्लांटात लागला तेव्हा पट्ट्याले खिळ्यानं नवीन भोकं पाडून पँट धरून ठेवत होता. पहिल्या सुट्टीत घरी आला तर आईनं त्याले दारात ओळखलंच नाही. नरेशचा कोट त्याच्या अंगावर लटकत होता तो काही नरेश जाडा होता म्हणून नाही. लग्नाच्या दिवशी बाह्या आतून मीच सेफ्टी पिना लावून वर धरल्या होत्या, त्या फोटोच्या आधी सुटल्या.

मागच्या वेळी इकडे आला तेव्हाही काडीच होता. अन् आता सेहेचाळीस! तुझ्या आईले माझ्याकडून सांग, वैनी, तुम्ही माझ्या भावाले अंगानं भरवला, मले आता काही नको. इकडे मी आमच्या घरांच्या लाईनीतल्या सगळ्या बायांले सांगून आली की माझा दादा जाडा झाला. त्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण हसत होत्या.

कापलं आहे. चांगलं ऐसपैस कापलं, जेवून उठल्यावर बटण लागलं पाहिजे माणसाचं. प्रत्येक तुकड्यावर खडूनं डावं-उजवं लिहिलं आहे. पहिले कच्चा टाका, मग मशीन. घाई करशील तर माझ्याशी गाठ आहे.

आत्या

---

रुआबांधा, भिलाई
२३ जानेवारी

आत्या,

वांदे झाले.

कोट शिवून झाला. कॉलर एकदम कडक, अस्तर आत मख्खन बसलं, बटणं मृणालनं लावली. सुशीलाकाकूनं इस्त्री करून दिली अन् म्हणाली दुकानातला वाटतो. मी हवेत. नाचली मी, खोटं कावून सांगू, राजदीपचा हात धरून हॉलभर नाचली. मग सहज बाबांचा इस्त्रीचा शर्ट आणून कोटाच्या आत ठेवला, की कसं दिसते पाहू.

आत्या, शर्ट दिसेचना. कोटात हरवून गेला. राजदीप आत शिरला, तरी जागा उरली. मग मृणालही दुसऱ्या बाहीतून हात घालून आत आली, अन् आईनं बटणं लावली. लागली.

आईले विचारलं, बाबा असे कधी वाळले? आई हसता हसता खाली बसली. म्हणे, येडी, फर्नेससमोर काम करणारे सगळेच जॅकेट ढगळ घेतात. अंगाले चिकटत नाही, ठिणगी पडली की झटकन उतरवून फेकता येते. बाबा दरवेळी स्टोअरमधून मोठ्यातलं मोठं मागून घेतात. इतकी वर्षं माझ्या डोळ्यासमोर खुंटीवर लटकून राहिलं, अन् माझ्या डोक्यात आलं नाही की ते माणसाच्या मापाचं नसते, भट्टीच्या मापाचं असते.

म्हणजे तुझा दादा जाडा झाला नाही, आत्या. काडीच आहे. रोज समोर असलेल्या माणसाकडे कोण पाहते, तुझं पत्र वाचून मलेबी वाटलं होतं, भरले असतील. हे लिहिताना मले सगळ्यात जास्त वाईट वाटून राहिलं. तू लाईनीतल्या बायांले सांगून बसली.

एक बाही उसवून मी लहान करायले गेली, तर खांदाच वाकडा झाला. आता एका बाजूनं कोट रागावल्यासारखा दिसते. मृणाल म्हणते टेलरकडे देऊ. टेलर म्हणते लग्नसराई आहे, महिन्यानं या. फेअरवेल ३१ तारखेले आहे. बाबांनी कोट पाहिला तर ते असाच घालतील, मले माहीत आहे. म्हणतील, मस्त आहे, अन् बोटं झाकलेली घेऊन पुन्हा फोटोत उभे राहतील, अन् पुन्हा सगळे हसतील. मले त्यांचा एक फोटो धड करायचा होता, अन् मी तोच फोटो परत काढून राहिली.

बाबांले अजून काही समजलं नाही. काल जेवताना उलटं मामालेच विचारून राहिले, तुझी गोंदियाची ड्युटी कधी आहे.

आत्या, ये ना. मले दुसरं कोणी नाही.

पायल

---

गोंदिया
२५ जानेवारी

पायल,

कात्रीले हात लावू नको. काही उसवू नको. खांदा खांद्याच्या जागी मीच बसवीन.

मी येऊन राहिली. आता मालगाडीत बसवत नाहीत, म्हणून मामाले म्हणा पॅसेंजरची सीट पकडून दे. कानाचं मशीन घरीच ठेवते, गाडीत शिट्टी मारली तर लोक गार्ड समजतील.

आत्या

---

गोंदिया
६ फेब्रुवारी

पायल बेटा,

पोचली. मामानं पिशवी घरापर्यंत आणून दिली अन् चहा पिऊन गेला. घरात शिरल्या शिरल्या प्रशांतनं काहीतरी विचारलं, म्या म्हटलं हाव, आता तो कुठून तरी आंबट करडईची भाजी घेऊन आला आहे. काय विचारलं होतं कोणास ठाऊक.

अंग दुखते, पण हसू थांबत नाही. तुमच्या हॉलमध्ये असा कारखाना म्या पाहिला नाही. तू टाके काढून राहिली, मृणाल सुईत दोरा ओवून राहिली, सुशीलाबाई वडे तळून तळून आणून राहिल्या, राजदीप बापाचा शर्ट घालून पुतळ्यासारखा उभा, हललं की तुझी आई त्याच्या पाठीत धपाटा घालते. अन् दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता, जसं काही आत मशीन चालूनच नाही राहिली. म्या मनात म्हटलं, माझ्याहून हाच बहिरा झाला.

तिथं प्रोग्रामले मी यायचं नाही म्हणत होती. मशीनसमोरून उठलीच नसती. पण कोटाच्या दोन्ही बाजूंनी निघालेलं ते उरलेलं कापड तू कोणत्या डोक्यानं झोळीत टाकून आणलं, पोरी? पहिल्या रांगेत एका बाजूले तू, दुसऱ्या बाजूले मृणाल, अन् मांडीवर निळं कापड पसरवून त्यावर शिलाईच्या पिवळ्या खडूनं लिहून राहिल्या. कोण बोलते, काय बोलते, सगळं. भरलं की झटकायचं अन् परत लिहायचं. माझ्या पांढऱ्या लुगड्यावर सगळी भाषणं सांडली होती. एक साहेब लंबा बोलले, तर मृणालनं लिहिलं, "तेच तेच." मी एवढ्या मोठ्यानं हसली की साहेबांले वाटलं त्यांचा विनोद जमला, अन् तेही हसले.

दादाची पाळी आली तेव्हा म्या कापडाकडे पाहिलंच नाही, दादाकडे पाहिलं. खांदा खांद्यावर. बाही मनगटावर. शर्टाची कफ बोटभर बाहेर, जशी पाहिजे तशी. नरेश समोरच बसला होता, तो उठून उभा राहून टाळ्या वाजवू लागला, अजून दादानं तोंडही उघडलं नव्हतं. मग कापड पाहिलं. तू लिहिलं होतं, "सगळ्यांचा आभारी आहे. जेवून जा." म्या म्हटलं पुढं लिही. तू लिहिलं, "संपलं."

अन् मग डिपार्टमेंटवाल्यांनी ढोल लावून त्याले घरी आणलं. ढोल कानानं ऐकावा लागत नाही, बेटा, तो पोटात वाजते. किती वर्षांनी मी ठेक्यात नाचली, अन् कोणाले विचारलं नाही की बरोबर नाचून राहिली का.

तुमच्या घरी थँक्यू म्हणत नाहीत म्हणून मीही म्हणत नाही. ते निळं कापड मी घेऊन आली आहे. खडूचं शेवटचं लिहिलेलं अजून आहे, झटकलं नाही.

तुझी आत्या

---

रुआबांधा, भिलाई
१५ फेब्रुवारी

चि. शालू,

जय भीम. पत्र लिहायची सवय नाही. आजवर फर्नेसचं लॉगबुक लिहिलं, हे तसंच समज. पायलले वाचू दिलं नाही. मामाले सांगितलं की बिजलीचं बिल आहे.

एक रिपोर्ट द्यायचा राहिला.

डिसेंबर लागता लागता एक दिवस मी शिफ्टवरून घरी आलो. मृणाल गेटवर उभी राहून दुधवाल्याकडे पाहून खोकत होती. मी मागच्या बाजूनं गेलो. खिडकीतून पायल दिसली. खुंटीवरच्या जॅकेटले टेप लावून राहिली होती. कोटाचं माप आहे हे समजायले वेळ नाही लागला, लग्नाच्या फोटोसमोर ती रोज उभी राहत होती. अन् पायल शिवणार म्हणजे कापणार कोण, हे मले कोणी सांगायची गरज नव्हती.

मले माहीत होतं की ते माप चूक आहे. आत जाऊन सांगायचं होतं. दारापर्यंत गेलोही. मग सायकल वापस फिरवली अन् चौकात जाऊन चहा घेतला. एक संपला तर दुसरा घेतला.

शालू, तुले मी दरवर्षी ये म्हणतो. फोनवर म्हणतो, प्रशांतजवळ निरोप देतो. तू हाव म्हणते अन् येत नाही. मले वाटलं, बोलावून तू येणार नाही, पण बिघडलेला कपडा दिसला की तुझे हात थांबणार नाहीत. लहानपणी दुसऱ्याच्या फ्रॉकची तुरपाई सुटलेली दिसली तरी तू रस्त्यात खाली बसून टाका घालायची.

पोरीनं कोट उसवला तेव्हा ती रडली, ते मी पाहिलं. तेवढं मले वाईट वाटलं. बाकी कशाचं नाही. तू नसती आली तर मी ढगळ कोट घालून गेलो असतो. मले सवय आहे.

नवीन फोटो जुन्याच्या बाजूले लावला आहे. त्यात मी आहे, माझ्या बाजूले तू आहे. तुझ्या लुगड्यावर खडू दिसतो.

पायलले सांगू नको.

तुझा,
देवाजीदादा

---

गोंदिया
२० फेब्रुवारी

दादा,

जय भीम. बिजलीचं बिल पोचलं. मामानं पाकिटाचा कोपरा फाडून पाहिला असावा, कारण तो जाताना माझ्याकडे पाहून हसत होता.

लबाड आहेस तू. मी त्या सेहेचाळीसवर रडली, तुझ्या नावानं लाईनीत मिरवली, अन् तू तिकडे चौकात बसून चहावर चहा पिऊन राहिला होता. पायलले मी सांगणार नाही, पण तिनं एक दिवस स्वतः ओळखलं तर मी मधे पडणार नाही. वैनीले सांग, माझा शब्द खोटा पडायले नको, याले सेहेचाळीस होईपर्यंत खाऊ घाला.

मी एप्रिलात येऊन राहिली, चौदा तारखेले सगळे सोबत विहारात जाऊ. पायलच्या मैत्रिणींसाठी ब्लाउज पीस कापून आणते. माप मी स्वतः घेईन, खुंटीवरून नाही.

अन् दादा, यापुढं पोरीले रडवू नको, कापड बिघडवू नको. मामाच्या पिशवीत एक कागद टाक अन् त्यावर नुसतं "ये" लिही. तेवढं मले गोंदियातही ऐकू येते.

तुझी,
शालू